अर्धीबाईचा आकडा

अर्धीबाईने एका दातांच्या डॉक्टरला मारलं, असं होड्यांच्या यार्डात सांगतात. हत्यार म्हणजे नुसता एक आकडा. डॉक्टरने आपली शिडाची होडी विकायला काढली, अर्धीबाई आली, होडीभोवती फिरली, काय किंमत येईल ते सांगितलं आणि डॉक्टर छातीला हात लावून जागच्या जागी आडवा. यार्डचा मुकादम ही गोष्ट सांगताना स्वतः जमिनीवर बसून दाखवतो. त्याला प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायची सवय आहे. "खलास झाला ओ! खलास झाला! पाणी पण नाही मागितलं! पाणी पण नाही!"

मी तिथे होते. डॉक्टर बसला हे खरं, पण तो उपड्या बादलीवर बसला. पाणी तर त्याने मागितलंच, आणि ते पिऊन झाल्यावर म्हणाला, "बाई, तुम्ही परत एकदा बघा बरं का. नीट बघा बरं का." बाईने परत एकदा नीट बघितलं. आकडा आणखी दहा हजारांनी खाली आला. मग डॉक्टर आपल्या पायांनी घरी गेला. मेला तो पुढच्या वर्षी, किडनीने, स्वतःच्या अंथरुणात. होडी अजून दुसऱ्या रांगेत उभी आहे. तिला काही झालेलं नाही, फक्त गिऱ्हाईक मिळालेलं नाही.

अर्धीबाई म्हणजे माझी मावशी. जुन्या शिडाच्या होड्यांची किंमत करणं हा तिचा धंदा. कधी विकणारा बोलावतो, कधी घेणारा, कधी बँक, कधी वाटणीवरून भांडणारे भाऊ. मालक म्हणेल त्याच्या बरोब्बर निम्मे सांगते म्हणून अर्धीबाई हे नाव पडलं. हेही खोटं. निम्मे मिळाले तर मालकाने तिला हार घालावा. मी ऐकलंय त्यात तिसरा हिस्सा दोनदा आलाय, चौथा हिस्सा पाच-सहादा आणि एकदा तर शून्याच्याही खाली. ती होडी दोघा भावांची होती. वडील गेल्यावर तीन वर्षं दोघं कोर्टात भांडत होते, "माझी आहे, माझी आहे." मावशीने होडी बघितली आणि सांगितलं, "तोडायला लागेल. तोडायचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतील." दोघा भावांनी होडीभोवती एक चक्कर मारली. मग थोरला म्हणाला, "तसं बघितलं तर बाबांचा जीव तुझ्यावरच जास्त होता." आणि तेव्हापासून दोघं "तुझी आहे, तुझी आहे" म्हणून भांडतायत.

तिची पद्धत ठरलेली. होडीला हात लावायच्या आधी मालकाला म्हणते, "आधी तुमचा आकडा सांगा." का? तर नंतर सगळे म्हणतात, मी कुठे एवढी अपेक्षा केली होती! आकडा सांगताना मालक कधी तिच्याकडे बघत नाही, होडीकडे बघतो. आधी एक आवंढा गिळतो. मग जो आवाज निघतो तो त्याचा रोजचा आवाज नसतो. मुलीचं स्थळ बघायला आलेल्यांना मुलीचे मार्क सांगावेत तसा निघतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. बाब्याच्या तळाला फोड आलेले असतात, डोलकाठीच्या तारांना गंज चढलेला असतो, शिडं जुन्या चादरीसारखी मऊ पडलेली असतात. पण बाब्या तो बाब्या.

सगळ्यांची चूक एकच. घातलेला खर्च जोडत जायचा आणि खाली रेघ मारायची. एक निवृत्त बँक मॅनेजर तर फाईल घेऊन आला होता. तो दर तीन शब्दांनी खाकरायचा. "हे बघा मॅडम, इंजिन, खॅक्, नवं घातलं, हे बिल. शिडं दोनदा, खॅक्, ही बिलं. रंग तीनदा. एकूण नऊ लाख झाले, मी तुम्हाला आठ, खॅक्, म्हणतोय."

"हे सगळं तुम्ही वापरलंत ना?" मावशीने विचारलं.

"वापरलं म्हणजे... हो, वापरलंच की. बावीस वर्षं."

"मग ते संपलं."

एवढंच. आवाज चढला नाही, उतरला नाही. लिफ्टमध्ये जी बाई "दुसरा मजला" म्हणते ना, ती "दुसरा मजला" म्हणाल्यावर कुणी तिच्याशी वाद घालतं का? मला कुणाचाही आवाज काढता येतो. मुकादम, बँक मॅनेजर, शिंक येता येता थांबते तेव्हाच्या आमच्या मुख्याध्यापक बाई, सगळे. मावशीचा येत नाही. पकडायला काहीतरी वर-खाली लागतं. तिच्या आवाजात सगळा सपाट रस्ता.

पूर्वी असा नव्हता म्हणतात. आई म्हणते, ताई लहानपणी फार किंचाळायची.

काका जाऊन एकोणीस महिने झाले. काका म्हणजे मावशीचे यजमान, शाळेत विज्ञानाच्या प्रयोगशाळेत कामाला होते. तिथेच, मधल्या सुट्टीत, बीकर धुताना गेले. त्याबद्दलही यार्डात एक गोष्ट आहे: नवरा गेल्याच्या चौथ्या दिवशी अर्धीबाई हातोडा घेऊन कामावर हजर, हिला काळीज आहे की दगड? चौथ्या दिवशी ती आली हे खरं आहे. त्या दिवशीची वेळ आधीच दिलेली होती. घरी पाहुणे भरलेले होते, ती स्वयंपाकघरात उभी होती, आणि कुणी काही सांगितलं की "बरं" म्हणत होती. जेव, बरं. पड जरा, बरं. रड एकदा मनमोकळं, बरं. मग घड्याळ बघून तिने चपला घातल्या. तिला जाऊ नकोस असं कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिने त्यालाही "बरं" म्हटलं असतं.

तेव्हापासून मी तिच्याकडे झोपायला जाते, आणि शाळेला सुट्टी असली की दिवसाही तिथेच असते. ती उभ्याने जेवते. टीव्ही लावते आणि आवाज बंद ठेवते. काकांचा चष्मा फ्रिजवर आहे. तो तिने जपून वगैरे ठेवलेला नाही; तिथे होता, तिथे आहे. फ्रिज पुसताना उचलते, पुसून झाला की परत ठेवते.

तसंच होडीचं. काकांची एक शिडाची होडी आहे, होती म्हणायला हवं, यार्डच्या शेवटच्या रांगेत लाकडी टेकूंवर उभी. घेतली तेव्हाच ती पंचवीस वर्षांची म्हातारी होती. काकांनी सहा वर्षं एकही रविवार न चुकवता तिच्यावर काम केलं आणि त्या सहा वर्षांत ती पाण्यात गेली चार वेळा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. काका गेल्यावर मावशी महिन्याच्या महिन्याला जागेचं भाडं भरत राहिली. दोनशेच्या वर होड्यांची किंमत केलेली बाई, पण घरच्या होडीकडे वळून बघत नव्हती. विचारलं की म्हणायची, "वेळ नाही मिळाला."

मग मुकादम एका सकाळी आला आणि तिच्यासमोर टोपी काढून उभा राहिला. "ताई, शेवटची रांग रिकामी करायचीय. रिकामी करायचीय. तिथे शेड येतेय. मोठी शेड. तीस तारखेपर्यंत होडी नाही हलली तर यार्डवाले मालक तोडायला देणार, तोडायला."

"बरं," मावशी म्हणाली.

"बरं म्हणजे विकताय? विकताय?"

"बरं."

ही बातमी यार्डात पसरायला दहा मिनिटंही लागली नाहीत. जिथे तिथे हसण्याच्या दबक्या उकळ्या फुटत होत्या. इतकी वर्षं हिने आमच्या बाब्यांना कार्टी म्हटलं, आता बघू स्वतःच्या बाब्याला काय म्हणते! शिडं शिवणारा म्हातारा आपल्या मशीनवरून न उठता म्हणाला, "लोका सांगे ब्रह्मज्ञान! बघा तुम्ही, तीन लाखाच्या खाली बोलणार नाही बाई." त्याचा जरा रागही होता. त्याची स्वतःची होडी काकांच्या होडीच्याच साच्यातली, त्याच वर्षाची, आणि मावशीने गेल्या साली तिची किंमत दोन लाख चाळीस हजार केली होती. त्याने सात लाख म्हटले होते.

मला हिशोब सोपा वाटला. साचा तोच, वर्ष तेच. म्हाताऱ्याच्या होडीचं इंजिन जुनं, काकांच्या होडीचं नवं. म्हाताऱ्याच्या डेकवर कठडा म्हणून गंजके पाइप, काकांच्या डेकवर दोन्ही बाजूंनी लाकडी कठडे, स्वतः तासून, घासून, पॉलिशचे सात हात देऊन बसवलेले. त्यात बाई त्यांची बायको.

संध्याकाळी मावशी ओट्याशी उभी राहून ब्रेड खात होती तेव्हा मी म्हटलं, "मावशी, पैज लाव. काकांच्या होडीला तू म्हाताऱ्याच्या होडीपेक्षा जास्त लिहिणार."

"कशावरून?"

"कशावरून काय! त्यांनी एवढं काम केलंय."

ती चावत राहिली. "काय लावतेस?"

"तू म्हणशील ते."

"असं कुणी लावतं का, वेडे?"

"मी लावते. घोडामैदान काय लांब आहे? परवा तर बघणारच आहेस."

"बरं," ती म्हणाली, आणि ताटली विसळली.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता शेवटच्या रांगेत एवढी माणसं होती की कुणाला वाटावं, फुकट काहीतरी वाटतायत. मुकादम शिडी धरून उभा. "आधी तुमचा आकडा सांगा, ताई! सांगा सांगा! नियम म्हणजे नियम!"

"माझा आकडा नाही."

"असं कसं, असं कसं? मालक ना तुम्ही? मालक ना?"

"मालक ते होते," मावशी म्हणाली आणि हातोडा काढला.

हा हातोडा छोटा असतो, प्लास्टिकच्या डोक्याचा. होडी फायबरची. डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड भरलेलं असतं. ते लाकूड कोरडं असेल तर हातोड्याखाली टक् असा सुका, हसरा आवाज येतो. आत पाणी शिरून ते कुजलं असेल तर थप् येतो, उशीवर मारल्यासारखा. दिसायला वरून दोन्ही सारखेच. सगळी कला कानाची. मावशी ठोकत जाते आणि जिथे थप् येईल तिथे खडूने गोल काढते.

तळ चांगला निघाला. टक्, टक्, टक्. सुकाणू चांगलं. मुकादमाने वर जाऊन बॅटरी जोडली आणि इंजिन तर एका झटक्यात सुरू झालं. शिडं शिवणारा म्हातारा मान हलवत माझ्या कानाशी म्हणाला, "तीन." मी मनात पैज जिंकून बसले होते.

मग ती वर डेकवर चढली. मीही मागोमाग चढले. डोलकाठीजवळ टक्. मधोमध टक्, टक्. मग कठड्याकडे सरकत आली, आणि थप्.

ते मला तिच्या आधी ऐकू आलं की तिच्याबरोबर, सांगता येणार नाही. मी बुटाची लेस बांधायला खाली वाकले. लेस बांधलेलीच होती. मावशीने तिथेच तीनदा ठोकलं. थप्, थप्, थप्. एक वीत पुढे, थप्. आणखी पुढे, थप्. ती दुसऱ्या बाजूच्या कठड्याकडे गेली. तिथेही तेच.

मग तिने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि कठड्याचा एक स्क्रू सोडवला. भोकातून चहाच्या रंगाचं पाणी आलं. थोडंच आलं, पण येत राहिलं.

"खाली सील भरलेलं नाही," ती म्हणाली.

स्क्रूच्या भोकात आधी चिकट सील भरायचं, मग स्क्रू पिळायचा, नाहीतर पाणी आत उतरतं, हे यार्डात झाडू मारणाऱ्यालाही माहीत आहे. काकांना कठड्याच्या पॉलिशचं सगळं माहीत होतं. त्यांनी पुस्तक आणलं होतं. त्या पुस्तकात पॉलिशवर चाळीस पानं होती.

"किती स्क्रू आहेत?" खालून म्हाताऱ्याने विचारलं. त्याच्या आवाजात आता मजा नव्हती.

"बत्तीस."

मावशीने खडूने गोल काढायला सुरुवात केली. पहिला गोल वाटीएवढा. दुसरा पहिल्याला चिकटून. थोड्या वेळाने वेगवेगळे गोल उरलेच नाहीत. दोन्ही बाजूंनी लांबच लांब पांढऱ्या रेघा झाल्या आणि अर्धा डेक त्यांच्या आत. खडू संपला तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे खडू नव्हता. मुकादमाने खालून दिला.

खाली उतरल्यावर तिने कागदावर लिहिलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं, नेहमी दाखवते तसं. "पंच्याऐंशी हजार."

मुकादम त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्य एकदाच म्हणाला. "ताई, जरा तरी."

"जरा कशाचं?"

त्याने शिडी काढून घेतली. म्हातारा आपल्या मशीनकडे निघून गेला. जाताना म्हणाला, "कठडे काढून वेगळे विका. लाकूड उत्तम आहे." तो टोमणा नव्हता. मी त्याच्या आवाजाला चांगली ओळखते.

सव्वीस तारखेला गिऱ्हाईक आलं. एक नर्स आणि तिचा नवरा, तो बस चालवतो. दोघं होडीखालून, वरून, आतून फिरली. नर्स आत जाऊन झोपून बघून आली. नवरा प्रत्येक गोष्टीला हात लावून "अच्छा, अच्छा" म्हणत होता, ब्रेक तपासल्यासारखा. नर्स कठड्यावरून हात फिरवत म्हणाली, "अगबाई, हे किती सुंदर आहे! कुणी केलं हो?"

"माझ्या यजमानांनी," मावशी म्हणाली. "त्याच्यामुळेच डेक कुजलाय. हे पांढरं दिसतंय ना, तेवढा सगळा कापून नवा करावा लागेल. दोन उन्हाळे जातील."

बसवाला हसायलाच लागला. "तुम्ही विकताय की आम्हाला हाकलताय?"

"आधी तुमचा आकडा सांगा," मावशी म्हणाली.

बसवाल्याने बायकोकडे बघितलं. बायकोने होडीकडे बघितलं. मग त्याने आवंढा गिळला, अगदी मालक गिळतात तसाच, आणि त्याच मार्क सांगायच्या आवाजात म्हणाला, "एक लाख वीसपर्यंत... म्हणजे ओढूनताणून... जमवू."

मागे मुकादमाचे डोळे चमकले. त्याने मावशीला मानेने, भुवईने, कोपराने, सगळ्या अवयवांनी खूण केली.

"पंच्याऐंशी," मावशी म्हणाली.

"अं?"

"पंच्याऐंशी हजार. तेवढीच आहे."

बसवाल्याला घासाघीस करायची होती, तो घरून तयारी करून आला होता. आता कुठल्या दिशेला करायची ते त्याला कळेना. त्याने उगीच विचारलं, "फायनल?"

"फायनल."

"ओ ताई," मुकादम कळवळून म्हणाला, "डोकं फिरलंय काय? डोकं फिरलंय काय?"

"त्यांचं डोकं फिरेल, डेक उघडल्यावर," मावशी म्हणाली आणि पावती लिहायला बसली. लिहिताना तिचा हात कुठेही थांबला नाही. मी बघत होते. असलं काही झालं असतं तर मला सापडलं असतं.

एकोणतीस तारखेला होडी गेली. डोलकाठी उतरवून आडवी बांधलेली, खडूच्या रेघा तशाच, ट्रेलरवर हळूहळू फाटकाबाहेर. नर्स ट्रकच्या खिडकीतून मागे वळून सारखी बघत होती. मावशी तेव्हा दुसऱ्या रांगेत डॉक्टरच्या होडीखाली होती. डॉक्टरच्या मुलाने पुन्हा किंमत करायला सांगितलं होतं. तिने एकदा मान बाहेर काढली आणि ओरडली, "मागचा पट्टा सैल आहे!" मुकादमाने पट्टा आवळला. तिने मान आत घेतली आणि टक्, टक्, थप्.

त्या दिवशी संध्याकाळी तिने चहा केला. मी टेबलाशी बसले, ती ओट्याला टेकून उभी.

"पैज हरलीस," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती विसरली असेल. "हरले. सांग, काय देऊ? भांडी घासू महिनाभर?"

"भांडी नकोत."

"मग?"

"त्यांचा आवाज काढ."

मी कप खाली ठेवला. काका होते तेव्हा मी त्यांचा आवाज काढायचे, त्यांच्या समोरच, आणि ते चिडायचे, आणि चिडलेला आवाजही मी लगेच काढायचे. एकोणीस महिन्यांत कुणी म्हटलं नव्हतं, मीही काढला नव्हता. मी म्हटलं, "मावशी, दुसरं काहीतरी सांग ना."

"तू म्हणशील ते, असं म्हणाली होतीस."

खरंच म्हणाले होते. काढायचा कुठला, हा प्रश्न होता. काका रोज किल्ली घरी विसरायचे आणि संध्याकाळी रस्त्यावरून खिडकीकडे बघून हाका मारायचे. तो निवडला. मी घसा साफ केला, हनुवटी वर केली, आणि तीन मजले खालून यावा तसा आवाज काढला. "अगं ए! ऐकलंस का! किल्ली टाक!"

स्वयंपाकघरात तो जरा मोठाच झाला.

मावशी कपात बघत होती. रडली नाही. हसली नाही. चहाचा एक घोट घेतला.

"'टाक' नाही," ती म्हणाली. "'टाकतेस का' म्हणायचे. आणि शेवटी जरा वर न्यायचे."

मी परत काढला. "अगं ए! ऐकलंस का! किल्ली टाकतेस का?"

"हं," ती म्हणाली. "आता बरोबर."

मग तिने कप विसळला, टेबल पुसलं, आणि माझ्यासमोरची खुर्ची ओढून डॉक्टरच्या होडीचा रिपोर्ट लिहायला बसली.